चुन्यातल्या निळीपासून: आमची वाटचाल

वडील बडोद्यात दांडियाबाजारातल्या वाड्यांना चुना मारायचे. चुन्याची कळी भिजवायची, गाळायची, त्यात डिंक घालायचा आणि शेवटी फडक्यात बांधलेली नीळ फिरवायची. नीळ जराशी जास्त झाली की भिंत फिकट निळसर दिसायची. काही घरं मुद्दाम तशीच मागायची, उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटतं म्हणून.

मी धंद्यात आलो तेव्हा चुना मागे पडून डिस्टेंपर आलं होतं, मग इमल्शन आणि डब्यात हवी ती छटा मिसळणारं टिंटिंग मशीन. गेली काही वर्षं तीच निळसर भिंत लोक पुन्हा मागतात, पण आता नाव पेरिविंकल. म्हणजे सदाफुली, आमच्या गुजराती शेजाऱ्यांची बारमासी. आपल्या अंगणातली सदाफुली मात्र गुलाबी नाहीतर पांढरी. रंगाचं नाव पडलं ते तिच्या युरोपातल्या निळ्या-जांभळ्या बहिणीवरून. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, अळशीचं फूल डोळ्यांसमोर आणा आणि त्यात चिमूटभर राख मिसळा.

या रंगानेच आम्हाला काम शिकवलं. कारेलीबागेतल्या एका काकूंची बैठकीची खोली आम्ही शेडकार्ड बघून रंगवली. खिडकी उत्तरेची, थेट ऊन नाही, वर पांढरी ट्यूबलाइट. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अरे, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." खरंच होतं ते. उत्तरेचा उजेड मुळातच निळसर, त्यात ट्यूबलाइटचा गारवा, आणि चारही भिंती एकमेकींवर रंग फेकणार. बोटभर कागदावर सौम्य दिसणारी छटा खोलीभर पसरली की गडद होते. आम्ही स्वखर्चाने खोली पुन्हा केली: छटेत करडेपणा वाढवला, तीन भिंती कोमट पांढऱ्या ठेवल्या, पिवळसर दिवे लावायला सांगितले. काकूंचा सागवानी झोपाळा आणि पितळी कड्या त्या एका निळ्या भिंतीपुढे अशा खुलल्या की त्यांनी मग बहिणीचं घरही आम्हालाच दिलं.

तेव्हापासून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना, दोन हात मारून, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघितल्याशिवाय डबा उघडत नाही. ओला रंग फिकट दिसतो, वाळल्यावर गडदतो, त्यामुळे निर्णय दुसऱ्या दिवशी. एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करतो. मशीनचे दोन डबेसुद्धा कधीकधी जुळत नाहीत आणि या राखी निळ्यात तो फरक लगेच दिसतो.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. दिवाळीपर्यंत रंग हवा म्हणून फोनवर फोन आले. विटांत मुरलेलं पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं आणि निळ्या भिंतीवर तो पांढरा लोणा उठून दिसतो. भिंत सुकल्याशिवाय प्राइमर लावणार नाही, असं सांगितल्यावर काही जण दुसरीकडे गेले. वाईट वाटलं, कारण ती जुन्या गिऱ्हाइकांची घरं होती. जे थांबले त्यांचे पोपडे खरवडून, लांबी (पुट्टी) भरून उन्हाळ्यात रंग दिला. त्यातल्या एका वहिनींनी देवघराची भिंत अळशीच्या फुलासारखी करून घेतली. परवा तिथे गेलो, तर समईच्या उजेडात ती किंचित जांभळी दिसत होती.