ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : अंतर आणि उड्डाणाचा वेळ

भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (जगाचा नेहमीचा आयताकृती नकाशा) पट्टी लावून विषुववृत्ताच्या प्रमाणाने मोजलं, तर उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो ते स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवाजवळच्या बेटांवरचं लाँगइयरब्येन हे अंतर साडेतीन हजार किलोमीटर भरतं. प्रत्यक्षात ते आहे ९५७. हा नकाशा उत्तरेकडे ताणत जातो; ७८ अंशांवर जवळजवळ पाचपट. त्यामुळे इकडच्या अंतरांसाठी पट्टी विसरा, आकडेमोड करा.

ट्रोम्सोचा विमानतळ ६९.६८३ उत्तर, १८.९२ पूर्व. स्वालबार्डमधल्या लाँगइयरब्येनचा ७८.२४६ उत्तर, १५.४७ पूर्व. अक्षांशांतला फरक ८.५६ अंश, गुणिले १११.२ (अक्षांशाच्या एका अंशाचे किलोमीटर), म्हणजे ९५२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.४५ अंश, पण इथे थेट १११ ने गुणायचं नाही. मधला अक्षांश ७४, त्याचा कोसाइन ०.२७६, म्हणून रेखांशाचा एक अंश जेमतेम ३१ किलोमीटरचा आणि फरक १०६ किलोमीटरचा. आता पायथागोरस लावा : ९५८. कागदावरच्या हिशेबाला एवढं पुरे. कोसाइन विसरलात तर उत्तर १०२६ येतं. काही संकेतस्थळं ९६१च्या आसपास आकडा दाखवतात, तीही चुकीची नाहीत. ती पृथ्वी ध्रुवांकडे चपटी धरतात, आणि तिथे अक्षांशाचा एक अंश थोडा लांब असतो.

वेळेचं गणित इतकं सरळ नाही. बोईंग ७३७-८०० ताशी ८३५ किलोमीटरने गेलं तर ६९ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं. जमिनीवरची धाव धरून वेळापत्रकात साधारण १ तास ४० मिनिटं दिसतात.

वाऱ्याला लोक उगाच घाबरतात. मार्ग जवळपास सरळ उत्तरेकडे जातो, त्यामुळे पश्चिमेचा वारा आडवा लागतो. ताशी ९३ किलोमीटरचा आडवा वारा अर्धा मिनिटही खात नाही. तोच समोरून आला तर आठ-नऊ मिनिटं जातात.

खरा वेळ जातो जमिनीवर. हिवाळ्यात पंखांवरचं बर्फ काढायला द्रव फवारतात. त्याचा असर ठरावीक मिनिटांपुरताच टिकतो. रांगेत थांबलेलं असताना बर्फवृष्टी वाढली आणि ती मुदत संपली, की परत फवारणी. दुसरी अडचण पलीकडच्या टोकाला. १९७५ साली सुरू झालेली लाँगइयरब्येनची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे, आजूबाजूला डोंगर आणि समोर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी. धुक्यात उतरता आलं नाही, तर एवढ्या मोठ्या विमानासाठी जवळपास दुसरं ठिकाण नाही. परत मुख्य भूमीच गाठावी लागते. तेवढं इंधन आधीच भरलेलं असतं, पण तुमचा दिवस गेलाच.

घड्याळ बदलायचं नाही, दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ. पासपोर्ट मात्र लागतो, कारण स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सीमातपासणी नसलेल्या देशांच्या क्षेत्राबाहेर आहे. ट्रोम्सोला विमान बदलत असाल तर तपासणीच्या रांगेचा वेळ हाताशी ठेवा. शेंगेन व्हिसा लागत असेल तर तो एकाहून अधिक प्रवेशांचा घ्या. परतीत ट्रोम्सोला उतरणं हा नवा प्रवेश धरतात.