अण्णांची एमजी विकताना

पहिलं गिऱ्हाईक आलं ते खिशात चुंबक घेऊन. हॅलो-बिलो झालं आणि हा गृहस्थ थेट गुडघ्यांवर बसून दाराखालच्या पट्टीवर चुंबक फिरवायला लागला. डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ, चुंबक टपकन खाली पडलं. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मुलगी बघायला आलेल्यांनी चहाचा एकच घोट घेऊन कप खाली ठेवावा, तसं ते बघणं होतं.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार. दोन सीटा, कापडी हूड, क्रोमचे बंपर, टील ब्लू रंग. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती १९७६ साली इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये सेकंडहँड घेतली. मिरजेहून आलेला ज्युनिअर डॉक्टर, घरी दोन वर्षांचा मुलगा, आणि गाडी ही असली! आईंना मिनी ही छोटी, छपराची गाडी हवी होती. ‘पोळ्यांचा डबा कुठे ठेवायचा?’ हा त्यांचा प्रश्न पुढची पंचेचाळीस वर्षं तसाच राहिला. डबा आणि मुलगा दोघंही सीटांच्या मागच्या फळीवर बसायचे. तेव्हा चालायचं.

अण्णा गेले, आई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांचं घर विकायला काढलं. गॅरेज रिकामं करायची वेळ आली तेव्हा नवरा ‘विकू या’ असं म्हणालाच नाही. म्हणाला, “तू बघ.”

मी बघितलं. आधी कागद. गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, अजून अण्णांच्या नावावर. त्यावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. ज्याच्याकडे गाडी असते त्याची ती फक्त नोंद. मालकीसाठी मृत्युपत्र आणि अण्णांनी फाइलमध्ये जपलेली १९७६ ची पावती उपयोगी पडली. लॉगबुकमध्ये नवऱ्याचं नाव भरलं, अण्णांची मृत्यूची तारीख आणि आमचं नातं लिहिलेलं पत्र जोडलं आणि स्वॉन्सीला डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवलं. हे सोपं होतं. पण बॉनेट उघडून नंबर ताडून बघितले तर इंजिनाचा नंबर लॉगबुकशी जुळेना! माझ्या पोटात गोळाच आला. मग फाइलमध्ये १९८४ चं एक बिल सापडलं: मूळ इंजिन काढून कारखान्यातच नव्यानं बांधलेलं इंजिन बसवल्याचं. अण्णांनी ते कळवायचं राहूनच गेलं होतं. बिलाची प्रत जोडून दुरुस्ती करून घेतली. जुनी गाडी विकणाऱ्यानं हे नंबर जाहिरातीच्या आधी बघावेत, कारण बघायला येणारा ते बघतोच.

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का या दरवर्षीच्या तपासणीची, सक्ती नाही. तरी मी करून घेतली. चुंबकवाल्यानंतर माझा माझ्याच गाडीवर विश्वास उरला नव्हता. रॅम्पवर गाडी चढवून मेकॅनिकनं खालून दिवा धरला आणि समजावून सांगितलं. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यात ही बिनछपराची, म्हणजे मधली ताकद जवळपास सगळी दाराखालच्या त्या पट्ट्यांत, सिलमध्ये. आमची डावी सिल गंजली होती. कुणीतरी वरून पत्रा ठोकून, त्यावर पुट्टी भरून, रंग मारून दिला होता. चुंबक पुट्टीला चिकटत नाही. हे कुणी केलं, अण्णांना माहीत होतं का, ते विचारायला आता अण्णा नाहीत.

दुरुस्तीचा अंदाज अडीच हजार पौंडांचा. एक डीलर आधीच पाच हजार देऊन गाडी उचलायला तयार होता, ‘भावनिक किंमत बाजारात नसते’ असं वर ऐकवून. लिलावात कमिशन जाणार. मी ठरवलं, गंज तसाच दाखवायचा. जाहिरातीत सिलचे चार फोटो टाकले, चकाकत्या क्रोमच्याही आधी. नवऱ्याला ते बघवलं नाही.

पण फोन आले ते त्या फोटोंमुळे. आणि वहीमुळे. अण्णांनी गाडीची प्रत्येक नोंद एका लाल बाइंडिंगच्या वहीत केली होती, सगळी मराठीत. ‘तेल बदलले.’ ‘दोन्ही कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटात तेल घातले.’ ‘ओव्हरड्राइव्ह तिसऱ्यात लागतो, चौथ्यात नाही. वायर?’ श्रॉपशरहून आलेल्या एका निवृत्त बाईंनी ती वही चाळली, एक अक्षर कळत नसताना, आणि म्हणाल्या, “याचं भाषांतर मिळेल?” तीन रात्री बसून मी ते केलं. ४ मार्च १९७९ ची नोंद अशी होती: ‘बाबा गेल्याची तार. प्लग बदलले.’ भाषांतरात मी फक्त प्लग ठेवले.

आठ हजार सहाशेला व्यवहार ठरला. सिल त्या स्वतःच्या ओळखीच्या वेल्डरकडून करून घेणार होत्या. पैसे खात्यात आलेले बँकेच्या ॲपवर दिसेपर्यंत किल्ली दिली नाही. त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही. तिथंच उभ्याउभ्या फोनवरून डीव्हीएलएला कळवलं आणि लॉगबुकचा हिरवा तुकडा त्यांच्या हातात दिला. एवढ्या जुन्या गाडीचा टॅक्स शून्य असला तरी नव्या मालकाला तो नव्यानं भरावा लागतो, म्हणजे शून्य पौंड भरल्याची नोंद करावी लागते. हे मी दोनदा सांगितलं. वहीची मूळ प्रत त्यांना हवी होती. मी झेरॉक्स दिली.

किल्ली फिरवली की एमजीबीचा पेट्रोल पंप आधी टिकटिकतो. नवरा खिडकीशी वाकून त्यांना सांगत होता, टिकटिक मंदावू द्या, मग स्टार्टर. पंप अडला तर खाली वाकून त्याला हलकेच ठोकायचं. त्यासाठी अण्णा डिकीत एक जुनं लाटणं ठेवत. बाई हसल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी तो रस्त्यावरच उभा.

संध्याकाळी आईंनी सगळं ऐकून घेतलं. किती पौंड, कोण बाई, कुठल्या. मग म्हणाल्या, “आणि माझं लाटणं काढून घेतलंत ना?”

नव्हतं घेतलं.