इंग्रजीच्या तासाला व्हॉट्सअ‍ॅपची जोड

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. शिक्षक अवाक्षर बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला इंग्रजी बोलायला जेमतेम अर्धं मिनिट येतं. म्हणून नववी-दहावीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतात आणि लवकरच तिथे ‘गुड मॉर्निंग’ची फुलं तेवढी उरतात. रात्री पाठवलेलं सकाळी वर्गात उपयोगी पडणार नसेल, तर ते पाठवूच नये.

सगळ्यात खात्रीचा प्रकार म्हणजे माहिती अर्धी-अर्धी वाटणं. आठ एसटी गाड्यांचं वेळापत्रक घ्या. ‘अ’ प्रतीत चार गाड्यांच्या वेळा खोडा, ‘ब’ प्रतीत उरलेल्या चारांच्या. जोडीतल्या एकाला अ, दुसऱ्याला ब. ग्रुपवर टाकलं तर दोघांना दोन्ही दिसणार, मग विचारायचं काय? शाळेत फोन चालत नसेल तर मुलं तक्ता वहीत उतरवून आणतात. वर्गात दहा मिनिटं, वही जोडीदाराला दिसणार नाही अशी धरून: ‘व्हॉट टाइम डझ द नाशिक बस लीव्ह?’ विचारल्याशिवाय रकाना भरत नाही, त्यामुळे गप्प बसणारेही तोंड उघडतात.

पाठवायला अ आणि ब अशा दोन ब्रॉडकास्ट याद्या करा, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. मात्र ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही. ‘सर, आलंच नाही’ हे दर वेळी खोटं नसतं!

उत्तर हवं असेल तर वीस-तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, तोही थेट शिक्षकांना. ग्रुपवर पहिल्याचं उत्तर बाकीचे उतरवतात, आणि टाइप केलेल्यात मुलाचं किती नि कीबोर्डचं किती, ते कळत नाही. चुका नावानिशी ग्रुपवर दुरुस्त करू नका, ते मूल पुन्हा बोलणार नाही. ‘ही डोन्ट नो’सारख्या बऱ्याच जणांच्या दोन चुका निवडून फळ्यावर घ्या.

पोल टाकताना एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा बंद करा. कोणी काय निवडलं ते दिसतंच, दुसऱ्या दिवशी विरुद्ध मतांच्या जोड्या लावून कारणं विचारायला सांगा.

फोन बहुधा वडिलांचा असतो, संध्याकाळीच घरी येतो. त्यामुळे मुदत रात्री नऊची ठेवा. ज्याच्या घरी फोनच नाही, त्याची प्रत कागदावर द्या. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. पालकांना, विशेषतः मुलींच्या, हे आधी सांगा. कोणी नको म्हटलं तर ब्रॉडकास्ट आहेच, त्यात इतरांचे नंबर दिसत नाहीत.