तयार मिळतात, मग बांधता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच नीट लिहितोय.

तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारणारे, मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी विचारणारे, सावंतवाडीला गेलो की ओटीवर बसून विचारणारे माझे मामा, सगळे यात आले. प्रश्न एकच. फ्लाय, म्हणजे ट्राउट माशासाठी गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, दुकानात दोनेक पौंडाला तयार मिळतो. मग मी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रात्री दिव्याखाली डोळे ताणत तो हाताने का बांधतो?

आजवर मी दोन उत्तरं देत आलो. पहिलं, पैसे वाचतात. ते खोटं होतं. गळ घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, कात्र्या, गळांची पाकिटं, कोंबड्याच्या मानेची पिसं, या सगळ्याला गेलेल्या पैशांत दहा वर्षं पुरतील इतक्या फ्लाय विकत आल्या असत्या. दुसरं उत्तर, मन शांत होतं. हे ऐकलं की लोक मान डोलावतात आणि विषय संपतो, म्हणून मी ते वापरत राहिलो. पण चौदा नंबरच्या गळावर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत शेवटची गाठ मारताना दोरा तुटतो आणि सगळं उलगडून बोटांत येतं, तेव्हा माझं मन अजिबात शांत नसतं.

"हाताने बनवलेल्या वस्तूची मजा वेगळी" हेही मी म्हणणार नाही. दुकानातली फ्लायसुद्धा हातानेच बांधलेली असते. केनियात, श्रीलंकेत, थायलंडमध्ये लोक ओळीने बसून त्या बांधतात, आणि त्यांची गाठ माझ्या गाठीपेक्षा सरस असते. दुकानातून आणलेली फ्लाय भिंगाखाली धरून मी कितीदा मुकाट्याने परत ठेवली आहे.

मग कारण काय? जितकं कळतं तितकं सांगतो.

स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउट धरायला ७ ऑक्टोबर ते १४ मार्च बंदी असते. त्या दिवसांत ट्राउट वरच्या ओढ्यांत जाऊन तळाच्या खडीत खळगे करून अंडी घालतो. नदीला हात लावायचा नाही असे हे पाच महिने. ॲबरडीनला डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. या अंधारात माझ्याकडे नदीचं जे काही उरतं ते माझ्या वहीत असतं. एप्रिलमध्ये कुठला दगड उलटला तेव्हा खाली कसले किडे चिकटले होते, त्यांची पोटं पिवळट होती की शेवाळी, दुपारी ढग आल्यावर पाण्यावर काय तरंगत आलं. फ्लाय बांधणं म्हणजे या नोंदींचं उत्तर लिहिणं. ट्राउट हे खाईल असा माझा अंदाज मी पिसांत मांडतो. विकतची फ्लाय कितीही देखणी असली तरी तो दुसऱ्याचा अंदाज. चुकायचं तर मला माझ्या अंदाजाने चुकायचं असतं.

यात माझं नवीन काहीच नाही. १८५४ च्या मे महिन्यात डरॅमचे धर्मगुरू कॅनन ग्रीनवेल ट्वीड नदीवर मासे धरत होते. पाण्यावर एक किडा दिसला, मासे तोच खात होते. तो त्यांनी स्प्राउस्टनच्या जेम्स राइटला दाखवला आणि त्याने तसा बांधून दिला. पिवळं रेशीम चांभाराच्या मेणातून ओढलं की शेवाळी होतं, त्यावर सोनेरी तारेचे वेढे. ती फ्लाय आजही ग्रीनवेलच्या नावाने ओळखली जाते. बांधली राइटने, नाव लागलं ग्रीनवेलचं, हे मला दर वेळी खटकतं.

मामांसाठी आणखी एक. तुम्ही म्हणता हा गोऱ्यांचा नाद. सॅमन माशासाठीच्या जुन्या स्कॉटिश फ्लायांना दोन्ही बाजूंनी लाखेचा थेंब सुकल्यासारखा चकचकीत ठिपका असलेलं एक पीस लावतात. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं, म्हणजे आंबोलीच्या घाटात पहाटे आरवतो त्याच्या. एकेकाळी ही पिसं आपल्याकडून बोटीने विलायतेला जायची. आता तो पक्षी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे आणि इथे पाळलेल्या पक्ष्यांचीच पिसं विकली जातात. आणि गरी टाकून तासन्‌तास बसणं मी तुमच्याबरोबर तेरेखोलच्या काठावरच शिकलो. गरवणं या शब्दाला इथे मला अजून जोड सापडलेली नाही.

इतकं सांगून थांबता आलं असतं. पण हे सगळं २०१५ च्या आधीचं उत्तर आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात माझी नोकरी गेली. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप २०१६ च्या जानेवारीत तिसाच्याही खाली उतरलं, आणि अख्खं शहर ज्याच्यावर उभं त्याचाच पाया खचला. माझ्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्या एका महिन्यात रिकाम्या झाल्या. कायम राहण्याचा परवाना तोवर मिळालेला होता म्हणून देश सोडावा लागला नाही. बायको एका वृद्धाश्रमात काम करते. तिने रात्रपाळ्या वाढवून घेतल्या. मी घरी बसलो. सावंतवाडीला फोनवर मात्र "ऑफिसात जरा गडबड आहे" असंच म्हणत राहिलो.

डिसेंबरच्या अखेरीस वादळ आलं, डी नदीने बॅलेटर गावात घरं बुडवली. आठवड्याभराने, ७ आणि ८ जानेवारीला, डॉन, म्हणजे मी मासे धरतो ती नदी, चढली. इन्व्हरुरी आणि किंटोरकडे लोकांना रात्री घरं सोडावी लागली. मी उजाडल्यावर पाहायला गेलो. मी जिथे उभा राहतो तो काठ दिसतच नव्हता. तपकिरी पाण्यातून कुंपणाचे खांब, गवताच्या गुंडाळ्या, झाडं वाहत चालली होती. आणि त्या पाण्याखालच्या खडीत ट्राउटची अंडी होती. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत होती.

त्या रात्रीपासून मी वेड्यासारखा बांधायला लागलो. दिवसाला सहा, कधी आठ. त्यांतली मला खास हवी होती ती साधी काळी फ्लाय: अंगाला मोरपिसाचे तंतू आणि गळ्यापाशी काळ्या कोंबडीच्या पिसाचे दोन वेढे. मोरपिसाचा तंतू नाजूक असतो, ट्राउटच्या दातांनी लगेच तुटतो. म्हणून तीन तंतू दोऱ्यासकट पिळायचे आणि तो पीळ गळावर मागून पुढे गुंडाळत आणायचा. पीळ वळतो तसा त्यात हिरवा चमकतो, मग तांबूस, मग परत हिरवा. तो रंग पिसात नसतोच, पिसाच्या घडणीवर प्रकाश फुटतो म्हणून दिसतो. आणि पीस वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की हिरवा ओसरून जुन्या तांब्यासारखी छटा येते. फ्लाय बांधणारे मुद्दाम पिसं खिडकीत ठेवतात, ती छटा यावी म्हणून.

आमच्या देवघरात खिडकीशेजारी असं एक पीस होतं.

बायकोचं आजोळ शिरूर तालुक्यात, मोराची चिंचोलीच्या अंगाला. पावसाळा संपताना मोर पिसं गाळतात, ती तिची आजी शेतातून वेचून आणायची. २००९ मध्ये लग्न होऊन इकडे येताना आजीने कृष्णाच्या मूर्तीबरोबर त्यातलं एक दिलं. मोरपीस देशाबाहेर नेता येत नाही हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आजी पुढे दोन वर्षांनी गेली.

पहिले तीन तंतू मी दांडीच्या तळापासून घेतले. तिथे मूर्तीचा आडोसा होता. मनाशी म्हटलं, दुकानात पाकिटाला चार पौंड पडतात, आत्ता कसे खर्च करायचे? दुसऱ्या दिवशी आणखी सहा. मग मागच्या बाजूचे, मग दोन्ही बाजूंचे सारखे, म्हणजे एकीकडे विरळ वाटू नये. हे मी सकाळी करायचो, ती पाळीवरून येऊन झोपलेली असताना. हे लिहिताना बोटं थांबतात, पण लिहितो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती आठला आली, अंघोळ करून दिवा लावायला बसली. मूर्ती पुसायला तिने पीस उचललं आणि ते उचललेलंच राहिलं. खाली सगळी पांढरी दांडी, टोकाला नुसता डोळा.

"हे कधीपासून?"

"तीन-चारच घेतले."

ती उठली, माझ्या टेबलापाशी गेली आणि डबी उघडली. फोमच्या खाचांत ओळीने काळ्या फ्लाय. तिने बोटाने मोजल्या. अडतीस.

"एकीला किती लागतात?"

"तीन."

"एकशे चौदा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. रात्रभर उभी राहून आलेली, ओल्या केसांची, हातात ती दांडी. "मला विचारलं असतंस तर मी दिलं नसतं का?"

मी काय बोललो ते सांगतो, कारण ते न सांगता हे लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "एका पिसाचं काय एवढं? घरात पैसे नाहीत, दुकानातून आणू का?" ज्या घरात पैसे तिच्या रात्रपाळ्यांनी येत होते, त्या घरात तिला मी हे ऐकवलं.

ती म्हणाली, "नोकरी गेली ते तू घरी सांगितलं नाहीस, मी तुझ्याबरोबर खोटं बोलले. आता माझ्याशीच लपवाछपवी." मग पीस परत मूर्तीमागे ठेवलं, दिवा लावला आणि झोपायला गेली. मी त्याच दुपारी सावंतवाडीला फोन करून बाबांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जेवतोस ना वेळेवर?"

आता तुमच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्या सकाळपासून तो मलाही पडतो. बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्या हिवाळ्यात हातांना काम हवं होतं. दीडशे अर्ज, उत्तर नाही, खडीतली अंडी वाहून गेलेली, आणि दिवसाकाठी पूर्ण होणारी एकच गोष्ट म्हणजे फ्लाय. हे खरं आहे. पण त्यासाठी तेच पीस लागत नव्हतं. माझ्याकडे सशाच्या कानाचे केस होते, तित्तिराची पिसं होती, रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या फेझंट पक्ष्याचं अख्खं शेपूट होतं. चार पौंडांचं कारणही तेव्हाच तकलादू होतं. मला तो तांब्याचा रंग हवा होता. सात वर्षं निरांजनाच्या आणि खिडकीच्या उजेडात पिकलेला, कुठल्याही दुकानात न मिळणारा. तिची वस्तू आहे हे कळत असून मी ती घेतली, कारण फ्लाय चांगली होणार होती. जो मी वर अंदाजाच्या गोष्टी सांगतो, वही दाखवतो, तोच हा मी. दोघांना वेगळं काढायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डॉनवर ॲलफर्ड गावाच्या खाली त्या फ्लायला ट्राउट लागला. पौंडभराचा, पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर लाल ठिपके. पुराने नदी पार रिकामी केली नव्हती. मी त्याला पाण्यातच सोडवला आणि काठावर बसून रडलो. किती आनंद झाला होता, हे बायकोला मी वर्षभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि भाजी परतत राहिली.

नोकरी पुढे मिळाली, वेगळ्या क्षेत्रात. फ्लाय मी अजून बांधतो. मोरपिसाचं पाकीट आता दुकानातून आणतो, टेबलावर उघडं ठेवतो. त्या अडतीसमधल्या एकोणीस उरल्यात, मधल्या हिवाळ्यांत त्यांच्या गळांवर गंजाचे ठिपके आले. त्या पाण्यात टाकाव्यात की नाही हे ठरत नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या आहेत."

पीस अजून देवघरात आहे, पांढरी दांडी आणि टोकाला डोळा. नवीन आणू का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नको म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही.