माणूस समीकरणात कसा बसवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी नद्या, गाळ आणि किनारे यांची संगणकावर प्रारूपं करतो. त्यात माणसंही असतात म्हटलं, की प्रश्न ठरलेला: "माणूस लहरी, तो समीकरणात बसतो कसा?"

खरं सांगू? मला गाळच जास्त छळतो. नदीच्या तळाशी घरंगळणाऱ्या वाळूगोट्यांची नावाजलेली सूत्रं प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिली, तर उत्तर कधी दुपटीने चुकतं, कधी दसपटीने. आणि गाळाला तर मनही नसतं! एकेकटा माणूस काय करेल हे मलाही सांगता येत नाही. पण अख्खी वस्ती पूर कसा विसरते, याला बऱ्यापैकी चाल असते.

जलशास्त्रज्ञ दी बाल्दासारे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेलं प्रारूप बघा. वस्तीचा आकार, तिचं नदीपासूनचं अंतर, बांधाची उंची आणि पुराची आठवण, एवढ्यावर सगळा खेळ. पूर आला की आठवण उसळते, मग हळूहळू विरत जाते. ताजी असते तोवर लोक नदीपासून लांब सरकतात, विरली की पुन्हा काठाकडे. बांध उंच केला की लहान पूर दिसेनासेच होतात, आठवण पुसली जाते, वस्ती काठाला भिडते. मग बांध ओलांडणारा एखादाच पूर पुरतो. गिल्बर्ट व्हाइट हे भूगोलतज्ज्ञ १९४०च्या दशकात समीकरणांवाचून साधारण हेच सांगत होते, ही गोष्ट आम्ही मंडळी सोयीस्कर विसरतो.

शिवाय माणूस नुसता घाबरून पळत नाही, जमीनही बदलतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये बांधांमुळे मिसिसिपी नदीचा गाळ आजूबाजूला पसरेनासा झाला. दलदलीतलं पाणी उपसल्यावर माती सुकून खचली आणि शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली गेला. २००५ मध्ये कतरिना वादळात संरक्षक भिंती फुटल्या, तेव्हा पाणी या खोलगट भागातच साचून राहिलं. इथे नदी आणि शहर वेगवेगळं मांडून चालतच नाही.

आमचं खरं दुखणं वेगळंच आहे. अशा प्रारूपात समाज म्हणजे एकच सरासरी माणूस. प्रत्यक्षात एका काठाचा बांध वाढवला, की पाणी समोरच्या काठावर जास्त चढतं, आणि बांध कुठे घालायचा हे ठरवणारे बहुधा समोर राहत नाहीत. म्हणून मी हल्ली दोन्ही काठांना वेगळी आठवण आणि वेगळी ऐपत देतो. आलेख विस्कटतात, गणित रेंगाळतं, पण "बुडालं कोण?" असं कुणी विचारलं, तर दाखवायला काहीतरी असतं.