तुम्ही विचारलंत म्हणून : साबण सोडून पावडर कशाला?

गरम केल्यावर फुगणाऱ्या मायक्रोकॅप्सूल्स बनवतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तेलाचे थेंब पाण्यात टिकवायला इतके चांगले साबण असताना तुम्ही पावडर का टाकता? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण आमचं सगळं काम त्या पावडरवरच उभं आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. 10 ते 40 मायक्रॉनची गोळी, बाहेर ॲक्रिलोनायट्राइल वगैरेच्या पॉलिमरचं (प्लास्टिकचं) कवच, आत आयसोब्युटेन किंवा आयसोपेंटेन, म्हणजे सहज गॅस होणारं हायड्रोकार्बन. तापवली की कवच मऊ पडतं, आतल्या गॅसचा दाब वाढतो आणि गोळीचं आकारमान सहज 40-50 पट होतं, थंड झाली तरी तशीच राहते. कपड्यांवरची उठावदार प्रिंट, बुटांचे हलके सोल, सगळीकडे वापरतात.

बनवताना मोनोमर (ज्याचे रेणू जोडून पॉलिमर होतं), हायड्रोकार्बन आणि ती जोडणी सुरू करून देणारा इनिशिएटर एकत्र करून ते तेल पाण्यात घुसळायचं आणि बंद प्रेशर रिॲक्टरमध्ये साधारण 60 अंशांवर काही तास ठेवायचं. तयार होणारं पॉलिमर त्या हायड्रोकार्बनमध्ये विरघळत नाही, म्हणून ते थेंबाच्या कडेला जाऊन बसतं आणि तेच कवच. म्हणजे थेंब जेवढा, गोळी तेवढी, आणि मधल्या चिकट अवस्थेत थेंब एकमेकांना चिकटले की खेळ खलास.

साबणाचा रेणू थेंबावर येतो, जातो, पुन्हा येतो. शिवाय साबण जास्त झाला तर पाण्यातच वेगळं बारीक लॅटेक्स, म्हणजे पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण, तयार व्हायला लागतं. आमची पावडर म्हणजे सिलिका, वाळूतलंच द्रव्य पण अतिबारीक. तिचा कण मात्र अर्धा तेलात अर्धा पाण्यात असा रुतून बसतो, अगदी 10 नॅनोमीटर त्रिज्येचा असला तरी त्याला तिथून उपटायला रेणूंच्या नेहमीच्या उष्ण हालचालीच्या हजारो पट ऊर्जा लागते. रॅम्सडेन या शास्त्रज्ञानी 1903 मध्ये आणि पिकरिंग या शास्त्रज्ञानी 1907 मध्ये हे कणांचं पांघरूण दाखवून दिलं, आम्ही आजही त्यावरच जगतो.

आणि त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे सुरुवातीला बारीक थेंब एकमेकांत मिसळत जातात, एकूण पृष्ठभाग कमी होत जातो, आणि कणांनी तो पुरता झाकला की मिसळणं आपोआप थांबतं. म्हणून एका मर्यादेपर्यंत सिलिका दुप्पट केलं की गोळी निम्मी होते! आकार वजनकाट्यावर ठरतो, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.

एकदा सिलिकाऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घेतलं होतं, ते मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये कॉस्टिक सोडा घालून तिथेच तयार करतात. माझ्या हातून कॉस्टिक कमी पडलं, पावडर नीट बनलीच नाही, आणि सकाळी झाकण उघडलं तर स्टररभोवती एकच पांढरा घट्ट गोळा, दोन दिवस खरवडत बसलो. हीच पावडर शेवटी सौम्य आम्लाने धुतली की विरघळून निघून जाते, म्हणून काम संपेपर्यंत पीएच सांभाळायचा आणि मग मुद्दाम पाडायचा.

आकार सारखा का हवा, तर फार बारीक गोळीचं कवच पातळ असतं, गॅस निसटतो, ती फुगतच नाही. नीट जमलेली बॅच मी हॉट स्टेज मायक्रोस्कोपखाली (नमुना तापवत बघायची सोय असलेल्या) ठेवतो, तापमान चढत जातं, बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग दोन-चार अंशांत जवळजवळ सगळ्या गोळ्या एकदम टरारून फुगतात आणि फ्रेममध्ये जागाच उरत नाही.