मैदानाच्या जागी ग्रंथालय

शिकागोच्या ५७व्या स्ट्रीटवर मेट्राच्या लोकल गाडीतून उतरलो आणि पश्चिमेकडे चालत सुटलो. ऑक्टोबरचा शनिवार, तळ्यावरून येणारा बोचरा वारा. मला शिकागो विद्यापीठाचं जुनं फुटबॉल मैदान, स्टॅग फील्ड, पाहायचं होतं. एका मुलाला विचारलं, तर त्याने लांब कॉटेज ग्रोव्हच्या दिशेने हात केला. तिकडे नवं मैदान आहे. जुनं मैदान जिथे होतं तिथे आता रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं आहे आणि हा पठ्ठ्या त्याच्याच दारातून बाहेर पडत होता!

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन धडकत पळायचा. रॉकफेलरच्या पैशावर उभं राहिलेलं शिकागो विद्यापीठ १८९२ साली सुरू झालं. पहिले अध्यक्ष हार्पर यांनी प्राध्यापक जमवतानाच अमॉस अलोंझो स्टॅग या प्रशिक्षकालाही आणलं. स्टॅग तब्बल ४१ मोसम टिकले. १९०५ साली त्यांच्या मरून्स संघाने मिशिगन विद्यापीठाच्या संघाला २-० ने हरवलं. त्याआधीच्या ५६ सामन्यांत मिशिगनला कुणी हरवू शकलं नव्हतं.

पुढे रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. विद्यापीठ शिकायसाठी असतं, चेंडूसाठी नाही, असा त्यांचा खाक्या. सत्तरीतल्या स्टॅगना निवृत्त व्हावं लागलं, संघ ढासळत गेला, आणि १९३९ मध्ये त्याच मिशिगनने ८५-० असा धुव्वा उडवला. त्याच वर्षाच्या शेवटी हचिन्सनी फुटबॉल बंदच करून टाकला. मला हे धाडस आवडतं, पण त्या शेवटच्या मोसमात खेळलेल्या पोरांचं काय, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

ग्रंथालयाला वळसा घालून एलिस अ‍ॅव्हेन्यूवर आलो. फुटपाथलगत हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे. एका बाजूने कवटी, दुसऱ्या बाजूने अळंबीसारखा ढग. मैदान ओस पडलं म्हणून पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखालचं स्क्वॉशसारख्या खेळाचं कोर्ट भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या चमूला मिळालं. तिथे ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी त्यांनी माणसाने घडवलेली, आपोआप चालू राहणारी पहिली अणुविखंडनाची साखळी चालवली. आणि तीही भर वस्तीत! शिल्पाच्या गुळगुळीत पोटावर हात ठेवला, बर्फासारखं गार.

फुटबॉल १९६९ मध्ये अधिकृतपणे परतला, पण आता तो कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत आहे, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. नव्या मैदानावर थोडा वेळ सामना पाहिला. नियम अर्धेच कळले. शेजारच्या बाई प्रत्येक धडकेला डोळे मिटून घेत होत्या, म्हणजे आईच असणार.

परतताना रॅटनर क्रीडा केंद्रात शिरलो, कारण तिथे पहिलावहिला हाइझमन करंडक आहे. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारा हा मान १९३५ साली इथल्या जे बरवँगरने पटकावला. नंतर व्यावसायिक संघाने पहिल्या क्रमांकाने निवडूनही गडी खेळायला गेलाच नाही. करंडक बरीच वर्षं त्याच्या आत्याकडे होता. ती तो दार अडवायला वापरायची. तळाशी काही ओरखडे दिसतात का, म्हणून मी काचेला नाक लावून पाहिलं. दिसले नाहीत. पुसून घेतले असावेत.